हर्मन विर्थ: लोकगीतं गोळा करणारा माणूस हिमलरपर्यंत कसा पोचला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विर्थचं नाव निघालं की लोक दोनच गोष्टी विचारतात, अटलांटिस, म्हणजे दंतकथेतली ती समुद्रात बुडालेली भूमी, आणि हिमलर, म्हणजे हिटलरच्या एसएस या निमलष्करी संघटनेचा प्रमुख. मधला माणूस कोणी विचारतच नाही. मला मधलाच भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण जुनी गाणी जमवणारा, शेतकऱ्यांच्या छपरांवरची नक्षी वहीत उतरवून घेणारा एक मास्तर एसएसच्या ‘आनेनएर्बे’ या संशोधन संस्थेचा संस्थापक होतो, हे काही एका रात्रीत होत नाही. म्हणून नेहमीचे प्रश्न घेऊन एकदाच सगळं लिहून टाकतोय. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत संपलीत, चालवून घ्या.

हा नक्की कोण, जर्मन की डच?

दोन्ही. जन्म ६ मे १८८५ चा, नेदरलंड्समधल्या उट्रेख्ट शहरातला. वडील जर्मन, पेशाने शिक्षक, आई डच. उट्रेख्ट आणि लाइपझिगला भाषा, इतिहास आणि संगीतशास्त्र शिकला, १९०९ पासून बर्लिन विद्यापीठात डच भाषा शिकवायला लागला. म्हणजे घरात दोन भाषा, दोन देश, आणि डोक्यात हे दोन्ही मुळात एकच आहेत अशी पक्की समजूत. पुढे आयुष्यभर तो हे ‘मूळ’च शोधत राहिला, आणि दर वेळी ते आणखी मागे, आणखी उत्तरेला सरकत गेलं.

तो खरा अभ्यासक होता की नुसता बोलघेवडा?

सुरुवातीला खरा अभ्यासक होता, हे मान्य करायला लागतं. १९१० मध्ये बासेल विद्यापीठातून डॉक्टरेट, गाईड कोण तर जॉन मायर, म्हणजे ज्याने पुढे १९१४ मध्ये फ्रायबुर्गला जर्मन लोकगीतांचं मोठं अर्काइव्ह उभं केलं तो. लोकगीतांच्या दुनियेत यापेक्षा मोठं नाव त्या काळी मिळणं अवघड होतं.

गंमत काय आहे की मायरची स्वतःची मांडणी एकदम जमिनीवरची होती. त्याचं म्हणणं, तुम्ही ज्याला लोकगीत लोकगीत म्हणता त्यातली बरीच गाणी कुणा शिकलेल्या कवीने लिहिलेली असतात, ती वरून खाली झिरपतात, लोकांच्या तोंडी बसतात, झिजतात, बदलतात, आणि शंभर वर्षांनी आपल्याला वाटतं की ही मातीतूनच उगवली. आणि अशा माणसाच्या हाताखाली शिकून विर्थ बाहेर पडला तो बरोबर उलटं घेऊन, की हे सगळं वंशाच्या आत्म्यातून आलंय आणि बाहेरून जे आलं त्याने ते बिघडवलं. गुरूचा मुख्य धडाच चेल्याने घेतला नाही.

मग त्या प्रबंधात काय होतं?

विषय होता डच लोकगीताचा ऱ्हास. १९११ मध्ये पुस्तक म्हणून आला, शीर्षकातच ‘उंटरगांग’ हा शब्द आहे, म्हणजे अस्त, बुडणं. शीर्षकातच सगळं आलं. लोकगीतांवर काम करणारे बहुतेक लोक कधी ना कधी हळहळतात, की म्हाताऱ्या बायका गेल्या आणि त्यांच्याबरोबर गाणी गेली, त्यात वावगं काही नाही. पण हळहळ वाटणं वेगळं आणि ‘हे कोणी केलं?’ म्हणून आरोपी शोधायला लागणं वेगळं. विर्थला आरोपी मिळाले ते म्हणजे शहर, व्यापार, परके संस्कार, आधुनिकपणा. यादी ओळखीची वाटेल. त्या काळी जर्मनीत ‘फ्योल्किश’ म्हणून जे वंशवादी राष्ट्रवादी वारं वाहत होतं त्यात हीच यादी फिरत होती, आणि शेवटी ज्यू हा शब्द जोडला की पूर्ण व्हायची.

माझं वैयक्तिक मत असं की त्याचं सगळं पुढचं आयुष्य या पहिल्या पुस्तकातच आहे. त्याला गाणी आवडायची, मनापासून आवडायची, पण ती जिवंत असताना बदलतात हे त्याला सहन होत नव्हतं.

पहिल्या महायुद्धात त्याने काय केलं?

१९१४ मध्ये जर्मन सैन्यात स्वतःहून भरती झाला. भाषा येत होती म्हणून त्याची रवानगी व्यापलेल्या बेल्जियममध्ये झाली, तिथल्या फ्लेमिश फुटीरवाद्यांशी संपर्क ठेवायच्या कामावर. इथे थोडं बॅकग्राउंड लागेल. बेल्जियममध्ये फ्लेमिश लोकांची भाषा डच, आणि कोर्टात, सैन्यात, उच्च शिक्षणात मान फ्रेंचला, त्यामुळे त्यांची तक्रार अगदी खरी होती. जर्मनांनी काय केलं, तर या खऱ्या तक्रारीचा पाचर म्हणून वापर केला. १९१६ मध्ये गेंटचं विद्यापीठ डच भाषेत सुरू करून दिलं, ज्याची मागणी फ्लेमिश लोक कितीतरी वर्षं करत होते, फक्त ते दिलं परक्या सैन्याने. काहींनी घेतलं, बहुतेकांनी नाही घेतलं, आणि ज्यांनी घेतलं त्यांना युद्ध संपल्यावर देशद्रोही म्हणून पळून जावं लागलं.

विर्थ या खेळात जर्मन बाजूने होता. १९१६ मध्ये कैसरकडून, म्हणजे जर्मन सम्राटाकडून, प्रोफेसर ही पदवीही मिळाली, नुसती मानाची. पण खरी कमाई वेगळीच, लोकसंस्कृतीचं प्रेम राजकारणात हत्यार म्हणून चालतं हे त्याने इथे जवळून पाहिलं.

युद्ध हरल्यावर?

नेदरलंड्समध्ये परत. तिथे त्याने तरुणांची एक संघटना काढली, ‘दीत्से ट्रेकवोगेल्स’, म्हणजे साधारण डच वंशाचे स्थलांतरी पक्षी. जर्मनीतल्या ‘वांडरफोगेल’ची सरळ कॉपी, पाठीवर सॅक, हातात वाद्य, रानातून भटकायचं, जुनी गाणी म्हणायची. वरवर बघितलं तर ट्रेकिंग ग्रुपच. फक्त शेकोटीभोवती गाण्यांबरोबर डच बोलणाऱ्या सगळ्यांचं एक राष्ट्र, हा विषयही निघायचा.

ते घुबडाच्या फळीचं काय प्रकरण आहे?

हा माझा आवडता प्रश्न, जरा दमाने सांगतो.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला विर्थ फ्रीजलंड प्रांतातल्या स्नेक नावाच्या गावी हायस्कुलात शिकवत होता. या भागातली शेतघरं प्रचंड मोठी, गुरं, गवत, माणसं सगळं एका छपराखाली, आणि छप्पर उतरतं, गवताचं किंवा वेताचं. त्या छपराच्या टोकाला, अगदी वर, एक त्रिकोणी लाकडी फळी ठोकलेली असते. फ्रिजियन भाषेत तिला ‘ऊलबोर्ड’ म्हणतात, घुबडाची फळी. फळीच्या मधोमध भोक. कशाला? तर घुबडाला आत यायला. गवताच्या गंजीत उंदीर होतात, घुबड उंदीर खातं, शेतकऱ्याचं धान्य वाचतं, मांजर पाळण्यापेक्षा स्वस्त. फळीवर बहुतेक वेळा दोन लाकडी हंस, पाठीला पाठ लावून माना बाहेर काढलेले, आणि मधे एक उभा दांडा.

आता यावर अभ्यासक काय काय विचारू शकतो बघा. हे सुतार कोण, नक्षी एका गावातून दुसऱ्या गावात कशी गेली, हंस कधीपासून आले, श्रीमंत शेतकऱ्याची फळी आणि गरिबाची फळी यात फरक काय. हे सगळे प्रश्न सुताराला जाऊन विचारता येतात. विर्थने फळ्यांची चित्रं उतरवून घेतली, हे काम चांगलंच होतं, आणि मग सरळ हजारो वर्षांची उडी मारली. हंस म्हणजे प्राचीन उत्तरेकडच्या सूर्यपूजेचं चिन्ह, दांडा म्हणजे जीवनवृक्ष, आणि शेतकऱ्याला आपण काय ठोकतोय हे ठाऊक नाही, पण त्याच्या रक्ताला ठाऊक आहे.

हे शेवटचं वाक्य एकदा मान्य केलं की संशोधन संपतं. कारण मग शेतकऱ्याने ‘अहो, ते घुबडासाठी आहे’ असं सांगितलं तरी उपयोग नाही, तो बिचारा विसरलाय असं म्हणून मोकळं व्हायचं. ज्या लोकांच्या प्रेमापोटी हा सगळा खटाटोप, त्यांचंच म्हणणं ऐकायची गरज उरत नाही.

त्याची थिअरी थोडक्यात सांगा ना

थोडक्यात म्हणजे अशी: फार फार पूर्वी उत्तर ध्रुवाच्या बाजूला एक गोरी उत्तरी मानवजात राहायची, हवामान बदललं तसे ते लोक खाली सरकले, अटलांटिक महासागरातल्या एका भूमीवर आले, ती बुडाली, मग जगभर पांगले, आणि जाताना आपला एकेश्वरी धर्म आणि आपली लिपी घेऊन गेले, ती लिपी सूर्याच्या वर्षभराच्या फेऱ्यावरून बनलेली, म्हणून जगात कुठेही वर्तुळ, चाक, क्रॉस, फांदीसारखी खूण दिसली की ती त्यांचीच. १९२८ मध्ये येनाच्या ओयगेन डीडरिक्स या प्रकाशकाने हे सगळं एका जाडजूड ग्रंथात छापलं. नाव ‘मानवजातीचा उदय’. आधीचं पुस्तक अस्त, हे उदय.

पुरावे म्हणजे चिन्हांची कोष्टकं, पानंच्या पानं. एका रांगेत स्वीडनचा खडक, शेजारी उत्तर अमेरिकेतलं मडकं, शेजारी इजिप्त. दिसायला प्रचंड इम्प्रेसिव्ह. पण वर्तुळात क्रॉस काढायला मानवजातीचा इतिहास लागत नाही, काठी आणि माती पुरते. दोन खुणा सारख्या दिसतात यावरून एकीतून दुसरी निघाली हे सिद्ध होत नाही. जर्मन पुरातत्त्वज्ञ आणि भाषातज्ज्ञांनी हे तेव्हाच ओरडून सांगितलं, १९३२ मध्ये तर त्याच्या मांडणीची चिरफाड करणारं लेखांचं पुस्तक आलं. त्याच वर्षी आल्फ्रेड बॉयमलर नावाच्या तत्त्वज्ञाने त्याची बाजू घेणारं पुस्तकही काढलं. पुढे सत्ता आल्यावर बॉयमलर नाझी शिक्षणव्यवस्थेत मोठा माणूस झाला.

लोकमान्य टिळकांच्या पुस्तकासारखंच वाटतंय हे, काही संबंध?

मराठी माणसाला हा प्रश्न पडणारच. टिळकांचं आर्क्टिकमधल्या वेदांच्या मूलस्थानाबद्दलचं पुस्तक १९०३ चं, म्हणजे विर्थ अठरा वर्षांचा असतानाचं. ध्रुवप्रदेशात मानवाचा उगम ही कल्पना १९ व्या शतकाच्या शेवटी अमेरिका-युरोपात बऱ्याच जणांनी मांडली होती, टिळकांनी तिला वेदांतल्या उषेच्या सूक्तांचा आणि खगोलाचा आधार द्यायचा प्रयत्न केला. आज दोन्ही मांडण्या टिकत नाहीत. पण फरक आहे. टिळक एका गुलाम देशातून, आमचे ग्रंथ तुम्ही समजता त्यापेक्षा कितीतरी जुने आहेत असं साहेबाला सुनावत होते. विर्थच्या मांडणीतून ‘जग आमचं देणं लागतं’ असा अर्थ निघत होता, आणि तो अर्थ अंमलात आणायला तयार बसलेला पक्ष शेजारीच उभा होता.

तो नाझी पक्षात कधी गेला?

१९२५ मध्ये, म्हणजे पक्ष अगदी किरकोळ असताना. १९२६ मध्ये बाहेर पडला, आणि नाझी सत्तेवर आल्यावर पुन्हा आत. या मधल्या काळाचा आधार घेऊन ‘तो काही पक्का नाझी नव्हता’ असं म्हणणारे भेटतात. कार्ड खिशात नव्हतं तेव्हाही तो ज्या वर्तुळात उठबस करत होता, ज्या मंडळींकडून पैसे घेत होता आणि जे लिहीत होता ते बघितलं की हा बचाव फारसा टिकत नाही.

एवढी पुस्तकं, एवढं फिरणं, पैसे कोण देत होतं?

सगळ्यात भारी स्पॉन्सर म्हणजे लुडविग रोझेलियस, ब्रेमेनचा कॉफीवाला. कॅफिन काढलेली कॉफी बाजारात आणून गब्बर झालेला माणूस. त्याने ब्रेमेनमध्ये ब्योट्शरस्ट्रासे नावाची एक आख्खी गल्ली विटांच्या अफलातून इमारतींनी नव्याने बांधून काढली, आणि १९३१ मध्ये त्या गल्लीत ‘अटलांटिस हाऊस’ उभं राहिलं, विर्थच्या कल्पनांवरून. शिल्पकार बेर्नहार्ड होएटगर. दर्शनी भागावर लाकडाचा भलाथोरला जीवनवृक्ष आणि त्यावर लटकलेला ओडिन हा उत्तरेकडचा जुना देव, आत गोल जिना, आणि वर निळ्या-पांढऱ्या काचांचं कमानदार छत असलेली ‘आकाश-सभा’. एखाद्याच्या थिअरीची इमारत बांधली जाणं किती जणांच्या नशिबी येतं?

शिवाय १९३२ मध्ये मेक्लेनबुर्ग-श्वेरीन राज्यात नाझींचं सरकार आलं तेव्हा बाड डोबेरानला त्याच्यासाठी एक संशोधन संस्था काढायला पैसे मिळाले. पण विर्थच्या हातात पैसा टिकत नसे. खर्च कायम अवाढव्य, प्लॅन त्याहून अवाढव्य, आणि मागे सावकारांचा तगादा.

उरा लिंडा म्हणजे काय? त्याला ‘हिमलरचं बायबल’ का म्हणतात?

ही गोष्ट अशी की सिनेमात दाखवली तर अति वाटेल.

१८६७ मध्ये नेदरलंड्सच्या डेन हेल्डर गावातला जहाजगोदीत काम करणारा कोर्नेलिस ओव्हर दे लिंडन एक हस्तलिखित बाहेर काढतो, म्हणे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. जुन्या फ्रिजियन भाषेत, विचित्र लिपीत, आणि लिपी कशी तर सहा आऱ्यांच्या चाकातून अक्षरं कापून काढल्यासारखी. मजकूर सांगतो की ही प्रत १२५६ सालची, पण मूळ गोष्टी त्याच्या कितीतरी आधीच्या, इसवी सनापूर्वी २१९४ मध्ये ‘आटलंड’ नावाची भूमी बुडाली तिथपासूनच्या. फ्रिया नावाची आदिमाता, तिचे नियम, दिवा सांभाळणाऱ्या लोकमाता, आणि फ्रिजियन लोकांनी जगाला शिकवलेली लिपी. १८७२ मध्ये डच भाषांतर आलं आणि खळबळ उडाली.

मग तज्ज्ञांनी बघितलं. कागद तपकिरी, जुनाट दिसणारा, पण यंत्रावर बनवलेला, १९ व्या शतकातला. भाषेत तेव्हाचे डच वाक्प्रचार जुना वेष घालून बसलेले. काही वर्षांतच बनावट म्हणून निकाल लागला. संशयित तीन, तो स्वतः लिंडन, लेउवार्डनचा ग्रंथपाल एल्को फेरवाइस, आणि फ्रान्सुआ हावरश्मिट नावाचा पाद्री जो कवीही होता. गोफे येन्स्मा या अभ्यासकाने २००४ च्या प्रबंधात दाखवलं की मुळात ही एक चेष्टा असावी, बायबलचा शब्द न्‌ शब्द खरा मानणाऱ्या लोकांची उडवलेली टर, आणि चेष्टा करणाऱ्यांच्या हातून ती निसटली.

आणि विर्थ? त्याने १९३३ मध्ये, म्हणजे निकाल लागून पन्नासेक वर्षं झाल्यावर, याची जर्मन आवृत्ती काढली. कागद नवा आहे हे तो नाकारत नव्हता, तो म्हणाला प्रत नवी असेल पण गाभा अस्सल आहे. बघा, पुन्हा तीच घुबडाच्या फळीची युक्ती. सहा आऱ्यांचं चाक त्याच्या वर्षचक्राला इतकं फिट्ट बसत होतं की सोडवेना.

४ मे १९३४ ला बर्लिन विद्यापीठात जाहीर वाद झाला. विर्थच्या विरोधात आर्थर ह्यूबनर हा जर्मन भाषेचा प्राध्यापक उभा राहिला आणि त्याने चिंधड्या उडवल्या, म्हणजे नाझी राजवटीला वर्ष उलटून गेल्यावरही हे जाहीरपणे बोलता येत होतं. विर्थच्या बाजूने वाल्टर व्ह्यूस्ट नावाचा म्युनिकचा संस्कृत-वेदांचा अभ्यासक होता, हे नाव लक्षात ठेवा. विद्वानांच्या दृष्टीने विषय संपला. पण हिमलरला हे पुस्तक जाम आवडलं, म्हणून लोक चेष्टेने त्याला हिमलरचं बायबल म्हणायला लागले. चेष्टेतून जन्मलेल्या पुस्तकाला चेष्टेतलंच टोपणनाव.

बायकांचं राज्य होतं असंही तो म्हणायचा ना? मग एसएसला ते चाललं कसं?

नीट चाललं नाहीच. त्याच्या मते आदिम उत्तरी समाजात पुजारी-ज्ञानी बायकाच होत्या, समाज मातृसत्ताक होता, पुरुषी, लढाऊ देव नंतर घुसले आणि सगळं बिघडलं. आता ज्या संघटनेत काळा गणवेश, कवटीचं चिन्ह आणि बायकांनी मुलं काढावीत एवढंच धोरण, तिथे हे प्रवचन! नाझी पक्षाचा विचारवंत म्हणून मिरवणाऱ्या आल्फ्रेड रोझेनबर्गच्या गोटातले लोक तर त्याच्यावर खार खाऊनच होते. पण याच भागामुळे पुढे काही जणांना तो बिचारा, निरुपद्रवी, निसर्गप्रेमी म्हातारा वाटला, त्यावर येतो नंतर.

आनेनएर्बे त्याने काढली की हिमलरने?

दोघांनी मिळून. १ जुलै १९३५, बर्लिन. हिमलर, कृषिमंत्री दारे, ज्याचं ‘रक्त आणि माती’ हे घोषवाक्य होतं तो, आणि विर्थ. आनेनएर्बे म्हणजे पूर्वजांचा वारसा, सुरुवातीच्या लांबलचक नावात विर्थचा लाडका शब्दही होता, आदिम बौद्धिक इतिहास. विर्थ अध्यक्ष. कारभार बघायला सरचिटणीस वोल्फ्राम सीवर्स, जो आधी विर्थचाच मदतनीस होता, त्याची पत्रं, कागद सांभाळणारा.

विर्थला काय वाटलं असेल त्याची कल्पना करता येते. विद्यापीठं हसतात, टीकाकार सोलून काढतात, आणि इथे देशाच्या पोलीस यंत्रणेवर हात ठेवून बसलेला माणूस म्हणतो की तुमच्या चिन्हांना मी पैसे देतो, गाड्या देतो, माणसं देतो.

स्वीडनला जाऊन नक्की काय केलं?

साचे काढले. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर बोहुसलेन भागात हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेले ग्रॅनाइटचे कातळ आहेत, त्यावर कांस्ययुगातल्या लोकांनी कोरलेल्या आकृत्या, नावा, माणसं, पावलं, चाकं, नांगर. भर दुपारी तिथे उभं राहिलं तर कातळ कोराच वाटतो, ऊन तिरपं झालं की एकेक होडी सावलीतून वर येते. त्यातल्या तानुमच्या कातळांना १९९४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

विर्थ १९३५ आणि १९३६ असा दोनदा टीम घेऊन तिथे गेला. शेवाळ साफ करायचं, कातळावर प्लास्टर ओतायचं, सुकलं की जड लाद्या उचलून पेट्यांत भरून जर्मनीला पाठवायच्या. कष्टाचं, पाठ मोडणारं काम, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात उपयोगी काम हेच. कारण प्लास्टरला थिअरी नसते, कोरलंय तेवढंच उतरतं. बाकी चाकाची खूण दिसली की ती वर्षचक्र, माणसाने हात वर केले की ते अक्षर, हे वाचन त्याचं ठरलेलंच होतं, कातळ बघायच्या आधीपासून.

मग त्याला हाकललं का?

हिटलरला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. ९ सप्टेंबर १९३६ ला न्युर्नबर्गच्या पक्ष मेळाव्यात त्याने जाहीर भाषणात अटलांटिक संस्कृतीत रमणाऱ्या, उत्तरी उत्तरी म्हणून पोकळ शब्द फेकणाऱ्या लोकांना झापलं आणि असली ‘ब्योट्शरस्ट्रासे संस्कृती’ आम्हाला मान्य नाही असं नाव घेऊन सांगितलं. कॉफीवाल्याच्या गल्लीचं नाव. विर्थचं नाव न घेता समजायचं ते सगळ्यांना समजलं.

हिमलरलाही आता विद्यापीठांत चालेल असा माणूस हवा होता. १९३७ मध्ये विर्थला मानद अध्यक्ष करून बाजूला बसवलं आणि अध्यक्ष झाला वाल्टर व्ह्यूस्ट. (हाच व्ह्यूस्ट पुढे म्युनिक विद्यापीठाचा रेक्टर झाला, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये पत्रकं टाकताना पकडलेल्या हान्स आणि सोफी शोल या भावंडांना शिपायाने नेलं ते याच्याच समोर.) १९३८ च्या शेवटी विर्थ आनेनएर्बेमधून पूर्ण बाहेर.

म्हणजे तोही नाझींचा बळीच म्हणायचा?

तो स्वतः युद्धानंतर तसंच म्हणायचा. नाही हो. संस्थेतून काढलं, तुरुंगात टाकलं नाही. आणि काढलं ते त्याने विरोध केला म्हणून नाही, तो शोभत नव्हता म्हणून.

त्या संस्थेत पुढे काय झालं ते बघा. सीवर्स, विर्थचे कागद लावणारा तो सेक्रेटरी, १९४२ पासून डाखाऊच्या छावणीत कैद्यांवर केलेल्या जीवघेण्या प्रयोगांची व्यवस्था बघत होता. स्ट्रासबुर्गच्या शरीरशास्त्र विभागाला ज्यू सांगाड्यांचा संग्रह हवा होता म्हणून १९४३ मध्ये ८६ माणसं आउशवित्झमधून निवडून नात्सवायलर छावणीत मारली गेली, तो पत्रव्यवहारही याच्या टेबलावरून गेला. २ जून १९४८ ला लांड्सबर्ग तुरुंगात सीवर्सला फाशी झाली. विर्थ तेव्हा या कशातही नव्हता, हे खरं. पण वंशाचा गाभा हाडात असतो, तो मोजता येतो, आणि तो शोधणं हे सरकारचं काम आहे, हा पाया घालताना तो पहिल्या खुर्चीवर होता, हेही खरं.

१९४५ नंतर काय झालं त्याचं?

अमेरिकन सैन्याने दोनेक वर्षं कैदेत ठेवलं. सुटल्यावर स्वीडन, मग १९५४ पासून जर्मनीत मारबुर्ग. मतं बदलली नाहीत. आदिम समाज, आदिमाता, आदिलिपी, तेच चालू, फक्त ‘वंश’ शब्दाचा आवाज थोडा खाली आणि माता, निसर्ग, मूळ जीवनपद्धती यांचा वर. सत्तरच्या दशकात त्याच्याभोवती पुन्हा माणसं जमली. ऱ्हाइनलंड-फाल्ट्स राज्यात कूजेल गावाजवळच्या लिख्टेनबर्ग किल्ल्यात त्याच्या संग्रहाचं म्युझियम करायचं ठरलं, सरकारी पैसाही मिळणार होता. १९८० मध्ये ‘श्पीगेल’ साप्ताहिकाने हा माणूस कोण आहे ते छापलं आणि बेत बारगळला. १६ फेब्रुवारी १९८१ ला कूजेलमध्येच तो गेला, वय ९५.

एक गोष्ट मला या प्रकरणात कायम खटकते. म्युझियमवाल्यांपासून त्याचा भूतकाळ कोणी लपवला नव्हता, सगळं छापील होतं, ग्रंथालयात होतं. कोणी उघडून बघितलं नाही, बस.

त्याचे साचे वगैरे आज बघायला मिळतात का?

मिळतात. बोहुसलेनचे काही साचे ऑस्ट्रियात श्पिटाल आम पिर्न गावात आहेत. मूळ कातळ हवेने, पाण्याने झिजत चाललेत, त्यामुळे जुन्या साच्यांना किंमत आहे. ब्रेमेनला अटलांटिस हाऊसची निळ्या काचांची आकाश-सभा अजून शाबूत आहे, दर्शनी भागावरचा लाकडी ओडिन मात्र युद्धात जळाला. उरा लिंडाचं हस्तलिखित लेउवार्डनच्या ट्रेसोआर संस्थेत आहे.

घुबडाच्या फळ्यांना तिकीट नाही. फ्रीजलंडमध्ये रस्त्याने जाताना शेतघरांच्या छपरांकडे मान वर करून बघायचं, पांढरे हंस लांबूनच दिसतात, आणि मधे भोक असतं, घुबडासाठी.